हेमचंद्ररावांचं बर्फयंत्र

ते वाक्य आपल्या तोंडून कसं निघालं, हे हेमचंद्ररावांना पुढे कितीतरी दिवस उमगलं नाही. गणपती नुकतेच झाले होते. रात्रीची जेवणं आटोपत आली होती आणि शुभदा ताटाशेजारी फोन ठेवून विमानाच्या तारखा बघत होती.

"बाबा, दसऱ्याच्या आधीचं तिकीट काढू का? दसरा-दिवाळी वाईला होईल तुमची. इथला हिवाळा म्हणजे नुसता काळोख. कंटाळून जाल."

खरं उत्तर अगदी सोपं होतं. ‘नको, मला इथे तुमच्यापाशी राहायचं आहे.’ हेमचंद्ररावांनी ते मनात जुळवलंही. इथे राहायची सरकारी परवानगी शुभदानं वर्षभराची काढलेली होती, तेव्हा अडचण तीही नव्हती. पण वाईच्या कॉलेजात आयुष्यभर ग्रंथपाल राहिलेल्या या गृहस्थांना कुणाकडे काही मागायचं म्हटलं की शब्द चुकीच्या कपाटात ठेवलेल्या पुस्तकासारखे सापडेनासे होत. मुलगी आयर्लंडातल्या लेटरकेनीच्या इस्पितळात भूलतज्ज्ञ, जावई घरात बसून कुठल्याशा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळणारा, नात शाळेत. या धावपळीत आपण म्हणजे सोफ्यावरची एक जास्तीची उशी. उशी कधी म्हणते का, मला राहू द्या म्हणून?

"मग गॅरेजमधल्या त्या यंत्राचं कोण बघणार?" ते म्हणाले.

जावई अभिजित खाली बघून ताक पिऊ लागला, कारण ते यंत्र त्याचं होतं.

यंत्र म्हणजे बर्फ उडवायचं यंत्र. इथे एक गोष्ट सांगायला हवी. लेटरकेनीत पाऊस पडतो. तो उभा पडतो, आडवा पडतो, कधीकधी खालून वर येतो. बर्फ मात्र वर्षाकाठी एखाद-दुसरा दिवस, पत्ता चुकल्यासारखा येतो आणि दुपारच्या चहाला न थांबता निघून जातो. अशा गावात बर्फाचं यंत्र बाळगणं म्हणजे कोकणात उंट पाळण्यासारखं. पण गेल्या हिवाळ्यात असाच एक दिवस उगवला, टेकडीवरच्या त्यांच्या वसाहतीत शुभदाची गाडी अंगणातून हलेना, ती घसरत-सावरत चालत इस्पितळात पोचली आणि तिच्यासाठी एक शस्त्रक्रिया खोळंबून राहिली. तेव्हा अभिजितनं मनावर घेतलं. बॉस्टनहून परतलेल्या एका माणसाकडून त्यानं हे जुनं यंत्र मिळवलं. अभिजितनं आणलेल्या वस्तूंचं असं असायचं, की घरात येईपर्यंत त्यांच्यावर जीव आणि आल्यावर त्यांच्यावर चादर. यंत्र सहा महिने चादरीखाली होतं.

"तुम्ही बघाल बाबा? खरंच?" अभिजितचा चेहरा असा उजळला, की हेमचंद्ररावांना माघार घेता येईना.

"अभिजितराव, यंत्र म्हटलं की देखभाल आलीच," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

तिकीट काढायचं राहिलं. हेमचंद्ररावांना त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही. मग यंत्राच्या आठवणीनं लागली नाही.

त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांनी हातात घेतलेलं सर्वांत अवघड यंत्र म्हणजे पुस्तकांवर शिक्का मारायचं. घरात मिक्सर बिघडला तर पत्नी पाना घेऊन बसायची आणि हे शेजारी उभे राहून तिला मिक्सरचा इतिहास सांगायचे. पण ग्रंथपालाला एक गोष्ट येते, ती म्हणजे वाचणं. यंत्राबरोबर आलेली माहितीपुस्तिका त्यांनी मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, फ्रेंच भाग वगळून, वाचली. समासात पेन्सिलीनं खुणा केल्या. मग चादर काढली.

लालसर रंगाचं ते धूड होतं. पुढे मोठा जबडा, जबड्यात मळसूत्रासारखी वळलेली पाती, वर बर्फ फेकायचं धुराडं. हेमचंद्ररावांनी त्याला ‘हिमक्षेपक’ असं नाव सुचवलं. अभिजित ‘ब्लोअर’च म्हणत राहिला. आणि नात शर्वाणी, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर लेटरकेनीच्या हेलात इंग्रजीतच येतं, तिनं त्याचं नाव ‘द योक’ ठेवलं. त्या गावात ज्या वस्तूचं नाव आठवत नाही तिला योक म्हणतात.

"आजोबा, द योक इज लीकिंग," तिनं पहिल्याच दिवशी येऊन सांगितलं.

गळत होतं ते जुनं पेट्रोल. पुस्तिकेत लिहिलं होतं, की पेट्रोल पडून राहिलं की त्याची चिकट राळ होते आणि ती कार्बोरेटरच्या बारीक भोकांत बसते. तेव्हा कार्बोरेटर काढावा, धुवावा, आणि ‘उबदार, कोरड्या जागी’ वाळवावा. हेमचंद्ररावांनी तो काढला. किती वेळात काढला हे विचारू नये. धुतला. मग घरातली सर्वांत उबदार, कोरडी जागा शोधली. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात, आणि पावसाळी देशात त्याचं महत्त्व देवघराइतकं असतं. कारण सगळ्या घराचे धुतलेले कपडे तिथे सुकतात. तिथे, शुभदाच्या स्वेटरांच्या चळतीवर, एका वाटीत कार्बोरेटर ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी शुभदा दुपारीच घरी आली.

"बाबा, माझ्या अंगाला पेट्रोलचा वास येतोय."

"असं?"

"ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नर्सनं मला थांबवलं. म्हणाली, डॉक्टर, पेशंटला भूल तुम्ही द्यायची आहे ना, की तुम्ही नुसत्या जवळ उभ्या राहिलात तरी चालेल?"

हेमचंद्ररावांनी उठून हॉट प्रेसमधली वाटी आणली आणि गुन्ह्याचा पुरावा द्यावा तशी पुढे धरली. शुभदा वाटीकडे बघत राहिली, कारण ती श्रीखंडाची वाटी होती.

एवढं होऊनही दसऱ्याच्या आधी यंत्र सुरू झालं. दोरी ओढताना हेमचंद्ररावांचं कोपर मागच्या फळीला लागून लोणच्याची बरणी आली खाली, पण यंत्र खोकलं, शिंकलं आणि धडधडू लागलं. त्या आवाजानं आख्खी वसाहत खिडकीत आली. खाराच्या थारोळ्यात उभ्या हेमचंद्ररावांना वाटलं, आपल्याविषयी आपला काही गैरसमज तर झाला नव्हता?

खंडेनवमीला त्यांनी यंत्राची पूजा मांडली. घरात त्या दिवशी पूजेला अभिजितचा लॅपटॉप आणि शुभदाचा स्टेथोस्कोप होता, पण मान यंत्राचा. सुपरमार्केटातल्या शेवंतीचा हार केला, जबड्याला हळदकुंकू लावलं, समोर नारळ वाढवला. एवढ्यात शेजारचा यूनन दारातून डोकावला. यूनन निवृत्त शेतकरी. आधी त्याच्याकडे मेंढ्या होत्या, आता नुसती मतं होती. त्यानं हार घातलेलं यंत्र पाहिलं, उदबत्ती पाहिली, खाली बसलेले हेमचंद्रराव पाहिले, आणि डोक्यावरची टोपी काढली. मग आत येऊन त्यानं हेमचंद्ररावांचा हात दोन्ही हातांत धरला.

"सॉरी फॉर युअर ट्रबल, हेम."

हे त्या देशात मयताच्या घरी म्हणतात.

"नाही नाही, ते जिवंत आहे," हेमचंद्रराव गडबडून इंग्रजीत म्हणाले. "ही प्रार्थना आहे."

"बर्फ पडावा म्हणून?"

हेमचंद्रराव दचकले. ते तसं स्वतःशीही बोलले नव्हते.

"चांगलं ऊन मागायचं सोडून लोक काय काय मागतात," यूनन टोपी घालत म्हणाला. "माझं ऐकशील तर बर्फ पडला की माणसानं आत बसावं. युअर मॅन," त्यानं यंत्राकडे हनुवटी केली, कारण तिथे कुठल्याही ‘त्या गड्या’ला युअर मॅनच म्हणतात, "तुझा घात करणार."

यूननचं भाकीत एवढ्या लवकर खरं व्हायला नको होतं. नारळ वाढवताना एक शकल उडून नाहीसं झालं होतं. उंदरानं नेलं असेल, असं ठरलं होतं. ते पात्यांच्या मागे जाऊन बसलं होतं, हे दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केल्यावर कळलं. खाडकन आवाज झाला, पाती थांबली, आणि एक छोटा खिळा दोन तुकडे होऊन हेमचंद्ररावांच्या चपलेपाशी येऊन पडला.

आता, हे सगळं पुस्तिकेत होतं. त्या जागी मुद्दाम कच्चा खिळा बसवतात. पात्यांत दगड-धोंडा अडकला की आधी खिळा तुटावा आणि आतली दातेरी चाकं वाचावीत, अशी त्यातली योजना. हेमचंद्ररावांनी त्या परिच्छेदाला दोन खुणा केल्या होत्या. दोन खुणा ते फार क्वचित करत. तेव्हा तसाच दुसरा कच्चा खिळा मागवावा, एवढाच विषय होता.

पण अभिजितनं खिळ्याचा फोटो मराठी मंडळींच्या ग्रुपवर टाकला, आणि आयर्लंडभर पसरलेल्या आपल्या माणसांना सल्ल्याची सुगी आली. एनिसच्या एका डॉक्टरीणबाईंनी हळद लावायला सांगितली. त्यांना तो कुणाच्या पायातून निघालेला खिळा वाटला होता. कुणी विचारलं, बर्फ कुठे आहे? आणि मग शॅननहून अंबरीशचा फोन आला. अंबरीश विमानांच्या दुरुस्तीत काम करतो. त्यामुळे जमिनीवरच्या यंत्रांविषयी तो वरून बोलतो.

"काका, अहो हा खिळा आहे की बिस्किट? लोणी आहे नुसतं. मी तुम्हाला विमानाच्या प्रतीचा बोल्ट पाठवतो, माझ्या संग्रहातला. जन्मात तुटणार नाही."

"पण अंबरीश," हेमचंद्रराव खालच्या पट्टीत म्हणाले, "तो तुटावा म्हणूनच असतो, असं पुस्तकात दिलंय."

"पुस्तकात काय, काका! पुस्तक लिहिणाऱ्याला खिळे विकायचे असतात. माझ्यावर सोडा."

‘पुस्तकात काय’ असं पुस्तकालाच उडवून लावलेलं ऐकून ग्रंथपालाच्या काळजाला घरं पडली. त्यांच्याजवळ उत्तर होतं, आधार होता, पानाचा क्रमांक होता. पण विमानं सांभाळणाऱ्या माणसाला आपण काय सांगायचं? आणि अंबरीश इतक्या मायेनं पाठवतोय. कदाचित पुस्तिका जुनी असेल. कदाचित आपणच चुकीचं वाचलं असेल. बोल्ट आला, चकचकीत, बाळाच्या दुपट्यात गुंडाळावा तसा गुंडाळलेला. हेमचंद्ररावांनी तो बसवला आणि आभाराचा निरोप तीनदा खोडून चौथ्यांदा पाठवला.

दिवाळी झाली. बर्फ नाही. डिसेंबर आला आणि ऊब घेऊन आला. टेकडीवर कुणाच्या तरी बागेत गुलाब फुलला. सगळं गाव खूश. रस्त्यात भेटेल तो म्हणे, काय छान, उबदार दिवस आहे, हेम. हेमचंद्रराव मान हलवत आणि घरी येऊन हवामानाचा अंदाज असा बघत, जसा काही परीक्षेचा निकाल. सबंध देश ज्याला घाबरतो ते आपण मागतो आहोत, ही टोचणी होतीच. पण यंत्र दर पंधरवड्याला सुरू करायचं, तेल बघायचं, पट्टा बघायचा, आणि त्यानंतर सगळ्यांबरोबर चहाला बसायचं, हा क्रम त्यांना इतका आवडू लागला होता, की गुलाबावर त्यांचा राग निघाला.

त्यातच वसाहतीच्या समितीचं बोलावणं आलं. चिटणीस मॅकगिन्लीबाई. त्यांच्या दिवाणखान्यात चहा आणि आठ प्रकारची बिस्किटं होती, त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे लक्षात यावं.

"तुमच्या यंत्राचं आम्हाला खूप कौतुक आहे," बाई म्हणाल्या. "फक्त ते वापरू नका."

"पण बर्फ..."

"तेच. लोक बर्फावर घसरतात. तुम्ही न झाडलेल्या बर्फावर घसरले, तर ती देवाची करणी. तुम्ही झाडलेल्या जागी घसरले, तर ती तुमची. देवाचा विमा लागत नाही. तुमचा आहे का?"

हेमचंद्ररावांजवळ आयुर्विम्याची एक जुनी पॉलिसी होती. ती इथे सांगावी की नाही, याचा त्यांनी बिस्किट संपेपर्यंत विचार केला आणि सांगितली नाही. अखेर तोडगा निघाला. स्वतःच्या अंगणात चालवायला हरकत नाही. अंगावर पिवळंधमक जाकीट हवं, डोळ्यांना चष्मा हवा, आणि उडवलेला बर्फ दुसऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये. अंगणाच्या एका बाजूला यूननचं अंगण, दुसऱ्या बाजूला मॅकगिन्लीबाईंचं, समोर रस्ता. हेमचंद्ररावांनी घरी येऊन भूमितीनं हिशेब केला. बर्फ सरळ वर उडवायचा आणि आपण बाजूला व्हायचं, एवढीच कायदेशीर दिशा उरत होती.

जानेवारीत अभिजितनं विषय काढला. त्याच्या मनात चांगलंच होतं. वाईट बातम्या नेहमी अशाच मनातून येतात.

"बाबा, तुम्ही त्या यंत्रापायी अडकून पडलात. मला वाईट वाटतं. हा महिना कोरडा गेला ना, तर ते विकून टाकू. म्हणजे तुम्हीही मोकळे. शुभदा म्हणत होती, फेब्रुवारीची तिकिटं बरी दिसतायत."

"चांगलं आहे," हेमचंद्रराव म्हणाले आणि गॅरेजमध्ये जाऊन यंत्राचं तेल बघितलं. ते सकाळीच बघितलं होतं.

आणि महिना सरत आला असताना एका पहाटे खिडकीबाहेर पांढरं झालं. पांढरं म्हणजे चांगलं वीतभर. गाड्या पुरल्या गेल्या होत्या, कुंपणं बुजली होती, आणि शुभदाला आठला इस्पितळात पोचायचं होतं. ती खाली आली तेव्हा हेमचंद्रराव पिवळं जाकीट, माकडटोपी आणि शर्वाणीचा पोहण्याचा चष्मा घालून उभे होते.

"बाबा, हे काय?"

"तू चहा घे. तोवर वाट करून देतो," ते म्हणाले. असं वाक्य ते आयुष्यात प्रथमच बोलत होते आणि त्यांना ते फार आवडलं.

यंत्र पहिल्या ओढीला सुरू झालं. जबडा बर्फात शिरला, धुराड्यातून पांढरी कमान उठली, आणि हेमचंद्ररावांच्या मागे अंगणात काळीशार, स्वच्छ वाट उमटू लागली. दारं उघडली. माणसं कोटांत गुंडाळून बाहेर आली. मॅकगिन्लीबाई फाटकाशी येऊन हद्दीवर डोळा ठेवून उभ्या राहिल्या. कुणीतरी टाळी वाजवली. हेमचंद्ररावांना वाटलं, वळून बघावं. ते वळले. त्यांच्याबरोबर धुराडंही वळलं. यूनननं अर्धा तास खपून झाडूनं साफ केलेली जीप क्षणात पुन्हा पांढरी झाली, आणि तिच्याशेजारी उभा यूननही.

"यू'र ग्रँड, हेम," बर्फाच्या आतून आवाज आला. म्हणजे, काही हरकत नाही.

माफी मागायला हेमचंद्ररावांनी हात जोडले. हात जोडायला ते यंत्रावरून काढावे लागले. खरं तर हात काढला की यंत्रानं थांबायचं असतं, पण बॉस्टनच्या माणसानं ती सोय सुतळीनं बांधून ठेवली होती. मोकळं सुटलेलं यंत्र डावीकडे गेलं, जिथे बर्फाखाली अभिजितनं नाताळात लावलेलं आणि आळसानं तसंच ठेवलेलं, तारेचं, दिव्यांचं हरीण होतं.

हरणाची शिंगं पात्यांत गेली. इथे कच्चा खिळा तुटला असता आणि गोष्ट संपली असती. विमानाचा बोल्ट तुटला नाही. तो शब्दाला जागला. त्याऐवजी आतून असा आवाज आला, जसा पोलादी कपाटभर भांडी जिन्यावरून सोडल्यावर येईल. धूर निघाला, काळं तेल शुभ्र बर्फावर पसरलं, आणि गप्प झालेल्या यंत्राच्या तोंडातून हरणाचं एक शिंग बाहेर लोंबकळत राहिलं. दिवे अजून लुकलुकत होते.

शुभदाच्या गाडीपुढची अर्धी वाट मोकळी होती. उरलेल्या अर्ध्या वाटेत यंत्र आडवं पडलं होतं.

अशा वेळी ते लोक हवामानाविषयी बोलतात, पण हवामानानंच हे केलं होतं.

"चल गं, डॉक्टर," यूनन जीपवरचा बर्फ पुन्हा झाडत म्हणाला. "तुला सोडतो. ही जीप याहून वाईट डोंगर चढली आहे."

"तुम्ही सोडाल?" शुभदा म्हणाली. "मग गेल्या वर्षी..."

"गेल्या वर्षीही सोडलं असतं. खिडकीतून बघत होतो की तुला चालत जाताना. वाटलं, हौस असेल. कुणी विचारलंच नाही."

हेमचंद्रराव यंत्रापाशी उभे होते. पोहण्याचा चष्मा वाफेनं भरला होता. त्यांनी वाचलं होतं, दोन खुणा केल्या होत्या, माहीत होतं, आणि बोलले नव्हते. आता यंत्र गेलं. पंधरवड्याचा क्रम गेला. फेब्रुवारीची तिकिटं बरी दिसत होती. शुभदा जीपमध्ये चढली आणि इंजिन गुरगुरू लागलं.

"शुभदा," ते म्हणाले.

"काय, बाबा?"

"मला जायचं नाहीये."

"ऐकू येत नाही!"

हेमचंद्ररावांनी चष्मा कपाळावर चढवला. आयुष्यभर ज्यांनी भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी लावली, ते गृहस्थ आख्ख्या वसाहतीसमोर बेंबीच्या देठापासून ओरडले,

"मला वाईला जायचं नाही! मला इथे, तुमच्यात राहायचंय! यंत्र असो नसो!"

आवाज टेकडीवर घुमला. यूनननं इंजिन बंद केलं. शुभदानं खिडकीची काच खाली घेतली आणि वडिलांकडे बघत राहिली. तिचा चेहरा आधी हसायला गेला, मग भलतीकडेच गेला, आणि तिथून तिनं तो ओढून डॉक्टरचा केला.

"अहो बाबा, मला वाटायचं, तुम्हाला करमत नाही. दर वेळी तिकिटं बघायचे आणि मनातून वाटायचं, संपलेली असू देत. हे एवढं सांगायला गिअरबॉक्स फोडायची काय गरज होती?"

हेमचंद्ररावांच्या कपाळावर पोहण्याचा चष्मा होता आणि सगळी वसाहत बघत होती. पण या वेळी, का कोण जाणे, त्यांना त्याची लाज वाटली नाही.

"युअर मॅन काय म्हणाला?" यूनननं जीपपाशी येऊन उभ्या राहिलेल्या अभिजितला विचारलं.

"म्हणाला, मी इथेच राहणार. जाणार नाही."

यूनननं टेकडीखालचा पांढरा रस्ता बघितला, आभाळ बघितलं, यंत्र बघितलं.

"जाईल कशाला," तो म्हणाला आणि किल्ली फिरवली. "रस्ते काय झालेत बघ."